जावयाचे लाटणे आणि तात्यांची कॉइल

जावयाने सासूबाईंना नवे लाटणे भेट दिले, आणि महिन्याभरात तात्यांच्या रेडिओतून शहरातले केंद्र गायब झाले. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. तात्यांच्या तर नाहीच नाही.

तात्यांचा कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. रेडिओचे सुटे भाग आणि घरच्या घरी जोडायचे संच तिथे तयार होत. मोठमोठ्या कंपन्या आल्या, हात टेकून गेल्या; तात्या टिकले. त्यांचा संच कितीही वेंधळ्या माणसाने जोडावा, काटा मध्यावर आणला की शहराचे केंद्र स्वच्छ बोलायला लागे. नाहीच बोलले, तर तात्या स्वतः त्याच्या घरी जाऊन बसत आणि बोलल्याशिवाय उठत नसत. अशी माणसे आता दिसत नाहीत.

म्हणूनच रेडिओ-शौकिनांच्या मासिकाच्या संपादकबाई त्या दिवशी कारखान्याचा इतिहास लिहायला आल्या होत्या. तात्यांनी त्यांना कॉइलची, म्हणजे केंद्र पकडणाऱ्या तारेच्या गुंडाळीची, कथा रंगवून सांगितली. किती रात्री जागून गणिते मांडली, किती कागद फाडले, आणि शेवटी हे अचूक माप कसे हाती लागले. या कथेत त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, फक्त चहा देण्यापुरत्या येत.

बाई उत्साही निघाल्या. फळीवरचा कुठलाही एक संच द्या, मी इथेच जोडते, म्हणाल्या. फळीवर नवा माल बांधून तयार होता, दुपारी रवाना व्हायचा होता. तात्यांनी डोळे मिटून एक खोका काढून दिला.

बाईंनी झकास जोडला. काटा मध्यावर आणला. आतून एक गृहस्थ कुठल्याशा अनोळखी भाषेत तावातावाने बोलू लागले. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, पण शहराचे केंद्र काही सापडेना. तात्यांनी कंडेन्सर बदलला, डाख पुन्हा दिला, आणि मग कपाळ पुसत जाहीर केले की आज केंद्रच बंद असणार. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या घरातल्या रेडिओवर त्या केंद्राच्या बातम्या सुरू झाल्या. तो रेडिओही तात्यांचाच होता.

बाईंचे पेन थांबले. इतिहासाचे शेवटचे वाक्य काय होणार, ते तात्यांना दिसू लागले. त्यांनी कपाटातली जुनी कॉइल काढून नव्या कॉइलशेजारी धरली. नवी किंचित लठ्ठ होती. तात्यांचा चेहरा उतरला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि हळूच म्हणाले, "अगं, आपलं ते कुठंय?"

"ते म्हणजे?"

"ते गं. गोल. लांबट."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "लाटणं म्हणायला लाजता काय?"

मग सगळी हकीकत बाहेर पडली. कारखाना सुरू झाला तेव्हा साचा करून घ्यायची ऐपत नव्हती. काकूंचे लाटणे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट होते. त्याच्यावर कागद गुंडाळून, चिकटवून काकूंनी पहिली नळी केली आणि तिच्यावर तार गुंडाळली. तात्यांनी गणिते मांडली हे खरेच, पण ती सगळी लाटण्याला जुळवून. तेव्हापासून लाटणे सकाळी काकूंकडे आणि दुपारी कारखान्यात, असा संसार चालला होता.

"नवं आलं तेव्हा विचारलं होतं मी, चालेल का म्हणून," काकू म्हणाल्या. "लाटणं ते लाटणं, असं तुम्हीच म्हणालात."

जुने लाटणे तिथेच होते. वर सरकणाऱ्या खिडकीला टेकू म्हणून उभे होते. तात्यांनी ते हिसकून काढले. खिडकी धाडकन खाली आली आणि बाहेर जाणारी एरियलची तार कचकन तुटली. आता ते अनोळखी गृहस्थही गप्प झाले.

काकूंनी जुन्या लाटण्यावर नळी केली, शेगडीच्या उबेवर वाळवली आणि तार गुंडाळायला बसल्या. एकाशेजारी एक वेढा, मध्ये केसाचीही फट नाही. बाई लिहायचे विसरून बघत राहिल्या. खरे तर तात्याही बघत राहिले. कॉइल बसली. तुटक्या तारेचे टोक हातात घेऊन काकू स्टुलावर चढल्या, हात उंच केला, आणि शहराचे केंद्र अगदी मध्यावर, स्वच्छ बोलू लागले.

"तात्या, हे छापू का?" बाईंनी जपून विचारले.

तात्यांनी स्टुलाकडे पाहिले. काकूंच्या एका हातात तार होती, दुसऱ्या हातात लाटणे.

"सगळं छापा," ते म्हणाले. "आणि त्या गणिताच्या रात्री जरा कमी करा. मला झोप यायची. जागी ही असायची."

माल दुपारी गेला नाही. सगळ्या नळ्या पुन्हा झाल्या. मासिकात स्टुलावरच्या काकूंचा फोटो आला आणि त्याखाली तात्यांनी सांगितलेले दोनच शब्द छापले होते: संशोधन विभाग.

अंक पाहून जावई हौसेने भेटायला आले. "आई, माझं लाटणं कसं आहे?"

"फार कामाचं आहे हो, जावईबापू," काकू म्हणाल्या. "खिडकीला अगदी मापात बसलं."