केंदूरला लागलेली उचकी

वचन देणे हे जिभेचे काम आहे आणि ते पाळणे हे हातापायांचे. एकोणऐंशीव्या वर्षी जीभ अजून विशीत असते, हातपाय मात्र नव्वदीला टेकलेले असतात. म्हणून वृद्धांनी वचन देताना तरुणांहून अधिक विचार करावा, असे माझे मत आहे. हे मत गेल्या रविवारी झाले. त्याआधीच्या गुरुवारी ते नव्हते.

त्या गुरुवारी मी दौंडला बानूआक्कांच्या घरी बसलो होतो. बानूआक्का म्हणजे माझा बालमित्र इमाम याची थोरली बहीण. केंदूरला आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. त्यांचे बोट धरून मी पहिल्या दिवशी शाळेत गेलो आणि त्यांनी बोट सोडले तेव्हा रडलो. सोळाव्या वर्षी त्या लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आल्या, त्याला आता अडुसष्ट वर्षे झाली. त्यांचा मुलगा हुबळीला असतो. सोमवारी सकाळी दहाच्या गाडीने तो त्यांना कायमचे तिकडे नेणार होता.

"जायच्या आधी एकदा केंदूर बघायचं व्हतं रं दिगू," आक्का म्हणाल्या. मला दिगू म्हणणारे जगात आता दोनच जण उरले आहेत आणि ते दोघे भाऊबहीण आहेत. "पन डाक्टर म्हनतो, रेल्वेत आडवं पडून जावा. मोटारीचा हिसका पाठीला सोसायचा न्हाई."

तेव्हा मी म्हणालो, "आक्का, तुम्ही केंदूरला जाऊ नका. मी केंदूर तुमच्याकडे आणतो."

हे वाक्य मला स्वतःला इतके आवडले, की मी ते तेथेच आणखी दोनदा उच्चारले. शेजारी बसलेल्या इमामने तिन्ही वेळा ऐकून घेतले. तो तीस वर्षे मालगाडीचा गार्ड होता आणि निवृत्तीनंतर पुन्हा केंदूरला येऊन राहिला आहे. हिरवा दिवा दिसल्याखेरीज तो कशावरही विश्वास ठेवत नाही.

"गाव आनायला वाघिनी किती लागत्याल, दिगू?" त्याने विचारले.

मला वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, लागणार नव्हते. मला रोहिदास ठाऊक होता.

रोहिदास माझा विद्यार्थी. झेंडू आणि वांगी पिकवतो, आणि लग्नसराईत ड्रोन उडवतो. आमच्या भागातील वरात आता जमिनीवरून कमी आणि आकाशातून अधिक पाहिली जाते. शनिवारी सकाळी सातला तो शाळेच्या मैदानावर आला, पेटी उघडली, चार पात्यांचे ते यंत्र बाहेर काढले आणि खिसे चाचपू लागला.

"गुरुजी, घोळ झाला. मेमरी कार्ड पाबळच्या लग्नवाल्यांकडं ऱ्हायलं. शिक्रापुरातनं दुसरं आनतो, तासाभरात येतो."

"कशाला?" मी म्हणालो. "कार्ड माझ्याकडे आहे."

आणि खरोखरच होते. बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या भ्रमणध्वनीतून काढलेले ते कार्ड मी अत्तराच्या रिकाम्या डबीत, कापसावर जपून ठेवले होते. त्यावर मी माझ्या आवाजात संस्कृत शब्दरूपे ध्वनिमुद्रित केली होती, प्रत्येक विभक्तीच्या विवेचनासह. ती नातवंडांसाठी होती. नातवंडे मोठी झाली, एकाने अभियांत्रिकीही पूर्ण केली. ध्वनिमुद्रणे अद्याप कोणी ऐकलेली नाहीत. आपल्या गावाचे चित्र त्या शुद्ध वाणीच्या शेजारी राहील, यात मला काही मंगल वाटले.

रोहिदासने कार्ड बोटांच्या चिमटीत धरले. उजेडाकडे केले. उलटे केले. पुन्हा सुलटे केले.

"चालंल का गुरुजी?"

"न चालायला काय झाले?"

"व्हय," तो म्हणाला आणि कार्ड यंत्रात घातले. हातातल्या पडद्यावर काही पिवळी अक्षरे उमटली. त्याने माझ्याकडे पाहिले, अक्षरांकडे पाहिले आणि अंगठ्याने ती घालवून टाकली. मी विचारले नाही. त्याने सांगितले नाही.

यंत्र उडाले. मी खाली उभा राहून शुद्धलेखन सांगावे तसे सांगत होतो: आता पेठ, आता मशीद, आता ओढ्याकाठची चिंच, सावकाश, घाई नको. हातातल्या पडद्यावर गाव एखाद्या तेलाच्या धारेसारखे अखंड वाहत होते. माझे डोळे भरून आले. लहानपणी ज्या चिंचेवर चढायची आम्हाला मनाई होती, तिचा शेंडा मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

"निर्दोष," मी म्हणालो.

"निर्दोष" हा शब्द वापरताना मी सहसा फार काटेकोर असतो.

रविवारी दुपारी आम्ही तिघे रोहिदासच्या गाडीतून दौंडला निघालो. वरवंडला चहासाठी थांबलो, तेव्हा रोहिदासने लॅपटॉपवर कार्ड लावून पाहिले. पेठ दिसली. पेठ थांबली. मग एकदम मिनार आला. मिनार थांबला.

"बाकीची पेठ कुठं गेली?" इमामने विचारले.

"लॅपटॉप जुना हाय," रोहिदास चहाच्या कपाकडे पाहत म्हणाला.

"अर्थात," मी म्हणालो. "मोठ्या पडद्यावर ठीक दिसेल."

रोहिदासने आणखी एक चहा सांगितला. तो एरवी दुसरा चहा घेत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

आक्कांच्या घरी पंधरा-सोळा माणसे जमली होती. कॉलनीतल्या शेजारणी, त्यांच्या सुना, रेल्वेचे दोन निवृत्त फिटर. आक्का खुर्चीत बसल्या होत्या, नवी साडी नेसून, पदर डोक्यावरून नीट घेऊन, जणू गाव दारातून आत येणार होते. त्यांची नात सबीना हिने कार्ड टीव्हीला जोडले. ती पुण्याला एका क्लासच्या व्हिडिओ विभागात काम करते आणि रोज डेमू लोकलने ये-जा करते.

टीव्हीने कार्डावरची पहिली फाइल उघडली.

"रामः, रामौ, रामाः," मी म्हणालो. म्हणजे टीव्ही म्हणाला. "आता प्रथमा विभक्तीचा विचार करू."

शेजारणींनी पदर सावरले. फिटरांपैकी एकाने टोपी घातली, दुसऱ्याने काढली. गुरुजींनी शुभकार्याच्या आधी काही पठण ठेवले आहे, अशी सर्वांची समजूत झाली आणि सर्वजण माना लववून ऐकू लागले. सबीनाने रिमोट उचलला. आजीने तिचा हात धरून खाली केला.

मी थांबवायला हवे होते. मान्य करतो. परंतु बारा वर्षांत या ध्वनिमुद्रणाला मिळालेले ते पहिले श्रोते होते, आणि इतके शांत.

नवव्या मिनिटाला इमामने मान वर न करता विचारले, "दिगू, कुठवर आलं?"

"षष्ठी चालू आहे."

"म्हंजी?"

"सप्तमी राहिली. मग संबोधन."

"मग गाव?"

"मग हरि शब्द," मी म्हणालो. तेव्हा इमामने स्वतः उठून रिमोट घेतला.

आणि केंदूर आले. शाळेचे मैदान खाली गेले, पेठ वर आली आणि तेथेच थबकली. रस्त्यावरची एक म्हैस एक पाय उचलून उभी राहिली. सर्वजण तो पाय खाली येण्याची वाट पाहू लागले. पाय खाली आला नाही. म्हैसच नाहीशी झाली आणि मशिदीचा मिनार दिसू लागला. मिनार थरथरला, थांबला. मग एकदम कोणाच्या तरी घराचे धाबे.

"केबल ढिली असंल," एक शेजारीण म्हणाली. केबल काढून पुन्हा लावली.

"टीव्ही बंद करून चालू करा," पहिला फिटर म्हणाला. तसे केले. म्हैस पुन्हा पाय उचलून उभी राहिली.

"हे जोडाचं काम हाय," इमाम म्हणाला. "रुळाचा जोड ढिला पडला की डबा असाच उसळतो. जोडावरची फिशप्लेट बघा."

"आजोबा, टीव्हीला फिशप्लेट नसते," सबीना म्हणाली.

"वारं असंल तवा," दुसरा फिटर म्हणाला.

"वाऱ्याने म्हैस कशी थांबेल?" मी विचारले.

"केंदूरची म्हैस हाय," इमाम म्हणाला. "कशानंबी थांबंल."

"चालू ऱ्हाऊ द्या की," आक्का म्हणत होत्या, पण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मी उभा होतो आणि अपमानाने माझे कान तापले होते. उद्या दहाला गाडी होती. अडुसष्ट वर्षांची आस आणि माझे तीनदा उच्चारलेले वाक्य, दोन्ही त्या म्हशीच्या उचललेल्या पायाखाली अडकले होते.

सबीनाने कार्ड काढून नखावर ठेवले. "गुरुजी, हे कार्ड कुठलं? यावर बारीक चारचा आकडा हाय. लई स्लो कार्ड हाय हे. ड्रोन भराभर सांगतोय आन् हे सावकाश लिहितंय. मधलं सुटतं."

शिक्षकाला याहून सोपा दृष्टांत कोण देईल? शुद्धलेखन सांगणारा वेगात गेला आणि मागच्या बाकावरचा विद्यार्थी दर चौथे वाक्य गाळत गेला. इतकी वर्षे मी अशा वह्या तपासल्या होत्या.

"सुटलेले परत मिळेल का?"

"लिहिलंच न्हाई, तर मिळंल कुठनं?"

"पण रोहिदासच्या हातात तर सगळे अखंड दिसत होते."

"ते समोरचं थेट व्हतं, गुरुजी. कार्डावरचं न्हवं."

मी रोहिदासकडे वळलो. तो दारातल्या चपलांकडे पाहत होता.

"रोहिदास, तुला हे माहीत होते?"

"व्हय, गुरुजी."

"केव्हापासून?"

"कार्ड हातात घेतलं तवापासनं. ड्रोनबी म्हनला, कार्ड स्लो हाय म्हनून. पिवळ्या अक्षरात."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने मान अधिक खाली घातली. तो बेचाळीस वर्षांचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे, गावच्या सोसायटीत संचालक आहे. "गुरुजींनी दिल्यालं कार्ड परत कसं करायचं?"

शाळेत मी एक गोष्ट इतर सर्वांहून कसोशीने शिकवली: वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देऊ नये. विद्यार्थी विसरतात, अशी माझी समजूत होती. ती गोष्ट एकजण पूर्णपणे शिकला होता आणि त्याचे फळ माझ्यासमोर टीव्हीवर थबकत होते.

तेव्हा आक्का हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, शाळेच्या वाटेवर हसायच्या तशा.

"आगं, गावाला उचकी लागली," त्या म्हणाल्या. "येवढी आठवन काढली, लागंल न्हाई तर काय."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला वचन दिसत होते. सबीनाने आपल्या पिशवीतून नवे, वेगवान कार्ड काढून रोहिदासला दिले. तो लगेच परत निघाला. सोमवारी उजाडताच पुन्हा उडवायचे आणि चित्रफीत भ्रमणध्वनीवर पाठवायची, असे ठरले. निघताना तो माझ्या पाया पडला. मी त्याला म्हणालो, "यापुढे मला नाही म्हणत जा." तो म्हणाला, "व्हय, गुरुजी."

सोमवारी साडेनऊला आम्ही दौंडच्या फलाटावर होतो. आक्का चाकांच्या खुर्चीत, मुलगा सामान मोजीत, सबीना भ्रमणध्वनी उंच धरून; रोहिदासने पाठवलेली चित्रफीत अजून पोहोचली नव्हती. पावणेदहा वाजले. दहा वाजले. गाडी वीस मिनिटे उशिरा धावत असल्याची घोषणा झाली. इमामने जन्मात प्रथमच रेल्वेच्या उशिराबद्दल अल्लाचे आभार मानले.

"आलं," सबीना म्हणाली. "उतरतंय."

पडद्यावर एक चक्र फिरत राहिले, आणि मग केंदूर उघडले. मी आयुष्यात इतके सुंदर काही पाहिले नाही. पेठ, मशीद, ओढा, चिंच, सकाळच्या तिरप्या उन्हात, साजूक तुपासारखे सरकत गेले. कोठे अडखळ नाही, कोठे थरथर नाही. चार मिनिटे. आक्कांनी चष्मा पुसून सगळे पाहिले.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झाले," मी म्हणालो.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग माझे मन राखीत, "पन दिगू, ही लई फास्ट गाडी हाय. मधल्या ठेसनांवर थांबलीच न्हाई. बघीस्तवर पेठ गेली बी. कालची पॅसेंजर हाय का रं?"

सबीनाने रविवारची प्रत तिच्याकडे उतरवून ठेवली होती. तिने ती आक्कांच्या मुलाच्या भ्रमणध्वनीवर पाठवून लावली.

गाव निघाले आणि पेठेत थबकले. "हे तांबोळ्याचं दुकान," आक्का म्हणाल्या. "याच्या मागं आमचा गोठा." गाव पुढे उडाले, मिनारापाशी थांबले. "हितं अब्बा बसायचे." पुन्हा झेप, धाब्यावर कोणी एक बाई पापड वाळत घालता घालता, कपाळावर हात धरून आकाशाकडे पाहत गोठून राहिली होती. आक्का तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. यंत्राने तिला पुष्कळ वेळ दिला.

"ही जाईबाई. कोंडिबाची धाकटी लेक," इमाम म्हणाला.

"आईवर गेलीया," आक्का म्हणाल्या. "तस्संच कपाळ." आणि बोटाने त्यांनी पडद्यावरचे ते कपाळ हलकेच पुसल्यासारखे केले.

गाडी आली. मुलाने आक्कांना उचलून डब्यात नेले. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, तेव्हा दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी तसाच होता आणि गाव पुढच्या ठिकाणी थांबले असावे, कारण त्यांचे लक्ष आमच्याकडे नव्हते.

रोहिदासचा दूरध्वनी आला. तो पहाटे चारला उठला होता. "आक्कांनी बघितलं का, गुरुजी? सरळ चाललं का?"

"पाहिले," मी म्हणालो. "पूर्ण पाहिले. फार आवडले." यातले शेवटचे वाक्य कोणत्या चित्रफितीला लागू होते, हे मी स्पष्ट केले नाही. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी एवढी मोकळीक असावी.

पहाटे उठणाऱ्या त्या आज्ञाधारक हातांना यश लाभो. सबीनाची रोजची गाडी वेळेवर येवो. आणि हुबळीच्या वाटेवर असलेल्या माझ्या आक्कांना, जेथे जेथे थांबावेसे वाटेल तेथे तेथे, थांबायला मिळो.