सुभेदारांची दाढी

तिसऱ्या दरवाजावरच्या राक्षसाची दोन डोकी उडाली होती. तिसऱ्यावर तलवार उगारली आणि लाईट गेली. आकाराम सुभेदारांनी काळ्या पडलेल्या कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, की त्याला पाय असते तर तो सावधानमध्ये उभा राहिला असता. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली. आत तांदूळ निवडणाऱ्या मनुबाईंनी मान वर केली नाही. सोमवारची ही तिसरी मूठ होती.

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार पलूसजवळच्या आपल्या गावी आले होते. गाव त्यांना मेजर म्हणे. मुलगा वीरधवल पुण्यात नोकरीला होता. त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना गावी आणून ठेवला. बापाचा वेळ जावा म्हणून ऑफिसातल्या धवल नावाच्या मित्राकडून एक गेमही त्यात घालून दिला. चालू केलं की थेट तोच उघडायचा. एक डोंगरी गड, त्याला पाच दरवाजे, प्रत्येक दरवाजावर एकेक राक्षस नाहीतर चेटकीण, आणि खाली तलवार घेतलेला एकटा शिपाई. सुरुवातीला शिपायाचं नाव विचारलं तेव्हा सुभेदारांनी स्वतःचंच घातलं. तिथंच चुकलं. तेव्हापासून पडद्यावर मार खायचा तो आकाराम, आणि राग यायचा तोही आकारामला.

लाईट गेली की गेम बंद पडे, आणि आली की शिपाई पुन्हा पहिल्या दरवाजाशी उभा. रक्त सांडून घेतलेला दरवाजा बसल्याजागी परत दुश्मनाच्या ताब्यात जातो, हे सुभेदारांना सहन होत नव्हतं. त्यात तो शिपाई कामचुकार. पहिल्या दरवाजावर सपासप चालणारी तलवार तिसऱ्यापर्यंत येईतो अशी जड व्हायची, की राक्षसानं मध्ये जांभई द्यावी.

"आळशी हाय लेकाचा," सुभेदार शेजारच्या कोंडीबाला सांगत. "कुणी भरती केला ह्याला, त्याला आधी डिसमिस केला पायजे."

दर दरवाजाशी एक धर्मशाळा होती. तिच्या दारात हातात कंदील घेतलेली बाई उभी असे. ती इंग्रजीत विचारी, शिपाई, दमला आहेस, झोपतोस का? हो म्हणायला एक बटण, नाही म्हणायला दुसरं. सुभेदार तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'नाही'चं बटण हाणत. हाणून हाणून त्यावरचं अक्षर पुसून गेलं होतं.

"ड्यूटीवर झोप? कोर्ट मार्शल हुईल," ते पडद्यावरच्या बाईला बजावत. गेमबरोबर एक छोटं पुस्तकही आलं होतं. ते घडी करून त्यांनी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं होतं. शत्रू समोर असताना पुस्तक वाचणाऱ्यातले ते नव्हते.

त्या सोमवारी संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. सुभेदारांनी सगळी कैफियत ऐकवली.

"आण्णा, सोडा तो गेम," वीरधवल हसत म्हणाला. "तुम्हांला नाही जमायचा."

सुभेदारांनी रिसीव्हर ठेवला नाही, आदळला.

"आवं, सोडा की मग," मनुबाई म्हणाल्या. "पेन्शनीत आल्यावर लढाई कशाला पायजे?"

"माघार? अठ्ठावीस वर्सांत कवा घेतली न्हाई, ती ह्या डबड्यापुढं घिऊ? पाचवा दरवाजा फोडल्याबिगार गालाला वस्तरा लावणार न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई."

मनुबाईंनी सूप खाली ठेवलं. "नगा लावू. पर रविवारी सोयरं येणार हायती, त्ये ध्यानात हाय न्हवं?"

सुभेदारांच्या ध्यानात नव्हतं. त्यांची मुलगी सृष्टी हिला बघायला रविवारी सांगलीहून मंडळी यायची होती. मुलगा म्हणजे तोच धवल. वीरधवलबरोबर तो दोनदा घरी येऊन गेला होता आणि सृष्टीच्या मनात भरला होता. प्रश्न होता त्याच्या बापाचा. बाळासो हवालदार हेही फौजेतून रिटायर झालेले, आणि त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी मध्यस्थानं आधीच सांगून ठेवल्या होत्या. बुटाला पॉलिश नसलेल्या माणसाच्या घरी ते म्हणे पाणी पीत नसत.

सुभेदारांना स्वतःच्या जिभेचा राग आला. पण गेलेला शब्द आणि सुटलेली गोळी परत घ्यायची सवय नव्हती.

बुधवारपर्यंत दाढी आणि गावातली चर्चा बरोबरीनं वाढली. ज्या माणसानं बर्फात पहाटे पाचला दाढी केली, त्याच्या गालावर पांढरे खुंट दिसल्यावर लोक काय गप्प बसतात? कोंडीबाची बायको हरणाबाई आवाज बारीक करून विचारायला आली.

"मनुवैनी, मेजरांच्या घरात कुणी... कायसं झालं का?"

"काय झालं न्हाई. नवस हाय त्यांचा."

"कुठल्या देवाचा?"

"त्ये सांगायचं नसतंय," म्हणून मनुबाईंनी दार लोटलं आणि आत येऊन नवऱ्याकडे बघितलं. "तुमच्यापायी देवाच्या नावानं खोटं बोलाया लागले."

लाईटचा बंदोबस्त केल्याशिवाय गड पडणार नाही हे उघड होतं. गुरुवारी सकाळी सुभेदारांनी मंडपवाल्याचा जनरेटर भाड्यानं आणून दारात उभा केला. त्याची धडधड सुरू झाली तशी आळी जागी झाली. आमच्याकडे जनरेटर दारात येतो तो लग्नाला नाहीतर सप्त्याला. तासाभरात दोन म्हातारे खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर येऊन बसले. पंगत कधी, असं त्यांनी तोंडानं विचारलं नाही, पण उठेनात.

आत मात्र लढाई रंगात आली होती. पहिला दरवाजा पडला, दुसरा पडला. तिसऱ्यावरच्या राक्षसाचं तिसरं डोकं तासाभराच्या झटापटीनंतर एकदाचं उडालं, आणि सुभेदार जन्मात पहिल्यांदा चौथ्या दरवाजाशी पोचले. कंदीलवाली बाई पुढं आली. तेवढ्यात बाहेर जनरेटर खोकायला लागला आणि पडदा थरथरला. सुभेदारांनी खिडकीतून पाहिलं. जनरेटरमधून एक लाल वायर निघून भिंतीवरून कोंडीबाच्या परड्यात उतरली होती.

ते चप्पल न घालता धावले. परड्यात कोंडीबाची पाण्याची मोटार घरघरत होती आणि हरणाबाई घागरी मांडत होती.

"कोंड्या, वायर काढ!"

"मेजर, नळाला पाणी आलंय. अर्ध्या तासात जातंय त्ये."

"माझा चौथा दरवाजा अडलाय तिकडं!"

"आवं, दरवाजा कुठं पळून जातोय व्हय? पाणी पळतंय. येवढं बॅरल हू दे."

"बॅरल? माझ्या जनरेटरवर?"

"म्हंजे राक्षस मारायला चालतोय, आन् माणसाला पाणी प्यायला चालत न्हाई," हरणाबाईनं मध्येच सांगितलं. ओट्यावरच्या दोन्ही म्हाताऱ्यांनी तिच्या बाजूनं माना डोलावल्या.

इकडे घरात मनुबाई चहाचा कप ठेवायला आल्या होत्या. रिकाम्या खुर्चीशी त्या जरा थबकल्या, पडद्याकडे निरखून बघत उभ्या राहिल्या. त्याच वेळी बाहेर जनरेटरनं काळ्या धुराचा एक मोठा लोट सोडला आणि प्राण सोडला.

सुभेदार आणि कोंडीबा यांचं बोलणं बंद झालं. दोघे चाळीस वर्षांचे दोस्त, पण त्या संध्याकाळी एकमेकांकडे पाठ करून ओट्यावर बसले. त्याच संध्याकाळी उसाच्या ट्रॉलीनं गावाच्या वाटेवरची तार तोडली आणि शुक्रवारी दिवसभर लाईटचं तोंड दिसलं नाही. सुभेदारांना आता ट्रॉलीचा, उसाचा आणि उसाला गोडी देणाऱ्याचाही राग आला.

शनिवारी सकाळी सृष्टीनं त्यांच्यापुढं आरसा मांडला. शेजारी गरम पाण्याची वाटी, ब्रश आणि साबण ठेवला.

"आण्णा, मी तुम्हांला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण धवलचे बाबा उद्या दारातनं परत गेले, तर मी पुन्हा कुणापुढं पोह्याची बशी घेऊन बसणार नाही. तेवढं सांगून ठेवते."

ती गेली. सुभेदार आरशातल्या पांढऱ्या खुंटांकडे बघत बसले. त्यांना फार वाईट वाटलं. राक्षसापुढं हरलो असतो तर कुणाला कळलं नसतं. इथं लेक तोंडावर सांगून गेली, आणि तिचं सगळं खरं होतं. त्यांनी गेम सोडायचं ठरवलं. ब्रश भिजवून त्यांनी डाव्या गालाला साबण लावला. आयुष्यातली पहिली माघार होती.

तेवढ्यात लाईट आली. गुरुवारपासून कॉम्प्युटरचं बटण चालूच राहिलं होतं, तो आपणहून गुरगुरत जागा झाला. तो कायमचा बंद करावा म्हणून सुभेदार ब्रश घेऊनच उठले, आणि पडद्यासमोर जागच्या जागी उभे राहिले. पहिल्या दरवाजाशी असायचा तो शिपाई चौथ्या दरवाजाशी उभा होता. पाठ ताठ, तलवार वर.

"कुणी हात लावला ह्याला?"

मनुबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "मी निजवला त्याला. परवा तुमी भांडायला गेला हुता तवा. ती बाई बिचारी कंदील घिऊन इचारत हुती. तुमी दर बारीला ज्ये बटण हाणता, त्ये सोडून दुसरं दाबलं."

"ड्यूटीवर? ड्यूटीवर निजवला?"

"तुमी शिमेवर हुता तवा चोवीस तास जागं हुता व्हय?"

"तिथं गारद बदलती. दोन तासांनी दुसरा येतो."

"मग हितं दुसरा कुठाय? एकटंच लेकरू हाय. त्याची बदली कोण करंल, ती चेटकीण?"

सृष्टीनं टेबलाच्या पायाखालचं पुस्तक ओढून काढलं आणि सरळ केलं.

"इथं पहिल्याच पानावर लिहिलंय, आण्णा. धर्मशाळेत झोपलं की तिथवरचा खेळ जपून राहतो. आणि झोपला नाही तर शिपायाचा हात जड होतो."

पुस्तक काढल्यानं टेबल डुगडुगलं, पण सुभेदार खुर्चीत बसले. झोप झालेल्या शिपायाचा हात असा चालला, की चौथ्या दरवाजावरची चेटकीण तीन घावांत पडली. पाचव्याच्या अलीकडे कंदीलवाली बाई आली, तेव्हा सुभेदारांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच दुसरं बटण दाबलं. दुपारच्या आत गड पडला. डाव्या गालावरचा साबण तोवर वाळून कडक झाला होता.

"एक ध्यानात ठेव," दाढी उरकल्यावर ते मनुबाईंना दरडावून म्हणाले. "झोपून लढाई जिंकली हे ह्या घराभाईर जाता कामा नये. फौजेत तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई."

रविवारी सुभेदार गुळगुळीत गालांनी, चकचकीत बुटांनी दारात उभे राहिले. जीप थांबली. आधी धवल उतरला, मग त्याची आई लीलाबाई. शेवटी बाळासो हवालदार उतरले. बूट आरशासारखे, इस्त्रीची घडी कडक, आणि छातीपर्यंत पांढरी दाढी.

मनुबाई बघतच राहिल्या.

"त्यांचा नवस हाय," लीलाबाई खाली बघत म्हणाल्या.

"कुठल्या देवाचा?"

"त्ये सांगायचं नसतंय, म्हणत्यात."

मनुबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दाढीकडे बघत होता. आणि दाढी कोपऱ्यातल्या टेबलाकडे. कॉम्प्युटरवर मनुबाईंनी भरतकामाचा रुमाल टाकला होता, तरी बाळासोंनी त्याला ओळखलं.

"आमच्या पोरानंबी त्याचा जुना घरी आणून दिलाय," ते खोल आवाजात म्हणाले. "त्यात एक गड हाय."

"पाच दरवाजांचा," सुभेदार म्हणाले.

"तिसऱ्याला लाईट जाती, सुभेदार. आठ म्हैनं झालं. वैताग आलाय. दर टायमाला पयल्यापासनं." बाळासोंची मूठ गुडघ्यावर आपटली. "त्यात त्यो शिपाई पक्का कामचोर."

सृष्टी पोह्यांच्या बशा घेऊन आली. धवलनं एक बशी घेतली. दोन्ही बापांनी तिकडे बघितलंही नाही.

"ती कंदीलवाली बाई इचारती," सुभेदारांनी घसा साफ केला. "तिला काय सांगता?"

"न्हाई म्हणतो. ड्यूटीवर झोपू व्हय?"

आतल्या दारात मनुबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बजावल्याप्रमाणे त्या काहीच बोलणार नव्हत्या, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. सुभेदारांनी एकदा बाळासोंच्या दाढीकडे पाहिलं, एकदा सृष्टीकडे. मग ते म्हणाले, "बाळासो, एकटंच लेकरू हाय त्ये. निजवा त्याला."

बाळासोंचा चेहरा लाल झाला. "सुभेदार असून तुमी मला हे सांगता?"

"आठ म्हैनं मी तेच सांगतीया," लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी खाली ठेवली. "माझं कोण ऐकतंय?"

बाळासोंनी बायकोकडे पाहिलं, मग सुभेदारांच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं. ते उठले आणि त्यांनी रुमाल बाजूला केला. दोघं खुर्च्या ओढून बसले, आणि नव्या शिपायाला नाव दिलं बाळासो. पोहे गार झाले, चहा दोनदा तापला. तीन डोक्यांचा राक्षस कोसळला, चौथ्या दरवाजाशी कंदीलवाली आली, आणि बाळासोंनी डोळे मिटून दुसरं बटण दाबलं.

दोन मिनिटांनी लाईट गेली. सवयीनं बाळासोंची मूठ वर झाली. सुभेदारांनी ती हवेतच धरली.

"जाऊ द्या लाईट. निजलाय त्यो."

बाळासोंनी मूठ सोडली आणि काळ्या पडद्याकडे बघत दाढीवरून हात फिरवला. "पर माझा शिपाई आता तुमच्या घरात ऱ्हायला. म्हंजे मला परत याया लागंल."

"यायचंच हाय की आता," लीलाबाई म्हणाल्या आणि सृष्टीला कुंकू लावायला उठल्या.