बारा वाजेपर्यंत अवयवांची नावे घेऊ नयेत

सकाळी साडेनऊला सरकारी दवाखाना उघडतो, आणि त्याच वेळी फोनवर नवं शब्दकोडं येतं. सोळा शब्दांचे चार-चारचे चार गट पाडायचे. चार चुका झाल्या की खेळ संपला. डॉक्टरसाहेबांनी सलग दोनशे बारा दिवस ते सोडवलं होतं. त्या दिवशी मात्र ‘पाठ’ हा शब्द ‘धडा’ आणि ‘कविता’ यांच्यासोबत बसवण्याच्या नादात तीन चुका झाल्या होत्या.

अशा वेळी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी भाचीला घेऊन आत आल्या.

“काय होतंय?” डॉक्टरांनी फोनमधून मान वर न काढता विचारलं.

“मान आखडलीय, पाठीत चमक निघते, खांदा तर वरच होत नाही.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “थांबा. पुढचं बोलू नका.”

“आणि मनगट बधिर झालंय,” मावशी म्हणाल्या.

कोड्यातला अवयवांचा गट पूर्ण झाला होता. डॉक्टरांनी फोन पालथा ठेवला. “आता हे माझं उत्तर धरता येणार नाही,” ते खचून म्हणाले.

सिस्टरनी तत्काळ कर्मचाऱ्यांच्या ‘शब्दमित्र’ ग्रुपवर घटनेची नोंद केली. औषध देणाऱ्या साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. रुग्णाचा हेतू स्वच्छ असल्याने तिला समज देऊन सोडावं, असं ठरलं. मात्र यापुढे दुपारी बारापर्यंत रुग्णांनी अवयवाचं नाव न घेता दुखणं सांगावं, अशी सूचना दारावर लागली.

“मग कुठं दुखतं ते सांगू कसं?” मावशींनी विचारलं.

“हाताने दाखवा,” औषधवाले साहेब म्हणाले.

“हात वर होत नाही म्हणूनच आलेय ना.”

यावर सूचनेत तरतूद नव्हती. मावशींना बारानंतरचा नंबर मिळाला. बाराला डॉक्टरांची वेळ संपली.

भाचीने संतापून सगळा प्रकार ऑनलाइन लिहिला. संध्याकाळपर्यंत अकराशे प्रतिक्रिया आल्या. ‘पाठ’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, ही कोडं रचणाऱ्याची लबाडी आहे, असं निम्म्यांचं मत पडलं. उरलेल्यांनी या निम्म्यांच्या मराठीची लायकी काढली. एका बाईंनी “मावशी आता कशा आहेत?” असं विचारलं, तेव्हा विषयांतर टाळण्याची त्यांना विनंती करण्यात आली.

मावशी घरी डाव्या हाताने काज करायला शिकत आहेत. त्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हीही विचारणार नाही. तुम्ही अजून ‘धडा’ आणि ‘कविता’ यांच्या गटातले उरलेले शब्द कोणते असतील, याचाच विचार करताय.