हसत हसत तयार झालेला परब

आमच्या समोरच्या दारात राहणारा मधुकर परब घाबरला की हसतो. ओशाळं वगैरे नाही, चांगलं खदाखदा, खांदे गदगदा हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भीती जेवढी मोठी तेवढं हसू मोठं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, काय दिलखुलास माणूस आहे. ज्याला ठाऊक आहे, म्हणजे मला, त्याच्या अंगावर ते हसणं ऐकून काटा येतो.

आमची सोसायटी मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, त्यामुळे अधूनमधून साप निघतो. एकदा पार्किंगमध्ये निघाला तेव्हा सगळे पळाले आणि परब पंपाच्या खोलीला पाठ लावून हसत उभा राहिला. साप पकडायला आलेला मुलगा म्हणाला, काका, तुमच्यासारखी हिंमत पाहिजे. काका हलू शकत नव्हते, हे त्याला कोण सांगणार? दातांच्या डॉक्टरने सुई काढली तेव्हा हा इतका हसला की डॉक्टरने त्याला बाहेर बसवून आधी दुसऱ्या पेशंटला घेतलं. आणि तरुणपणी, वडील गेले तेव्हा, डॉक्टरांनी बाहेर येऊन नुसती मान हलवली आणि हा हसला. त्याच्या काकांनी भर वॉर्डात त्याच्या थोबाडीत मारली. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. सांगतानाही थोडा हसला.

मी विमा विकतो, त्यामुळे भीतीशी माझा रोजचा संबंध. समोरच्याला चहा पाजायचा, "उद्या तुम्हाला काही झालं तर" असं म्हणायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं, हा माझा धंदा. कोणी चिडतो, कोणी देवाचं नाव घेतो, कोणी बायकोकडे बघतो. हसणारा मात्र मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या समोर राहायला आला.

परबचा धंदा एसीचा. मुलुंडलाच एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटा गाळा आहे. बिल्डरकडून कामं घ्यायची, टॉवरमध्ये तांब्याचे पाइप फिरवायचे, मशिनं बसवायची. बोलणंही सगळं त्यातलंच. "कसा आहेस" असं तो कधी विचारत नाही, "कूलिंग येतंय ना?" असं विचारतो. मेव्हण्याने नोकरी सोडली तर "गॅस उतरला त्याचा." माझी अँजिओग्राफी झाली तेव्हा बघायला आला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर शाबूत आहे ना? मग टेन्शन नाय. पाइपिंग काय, बदलता येतं." डॉक्टरांपेक्षा मला त्याचं जास्त पटलं. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र पंखाच आहे. विचारलं तर म्हणतो, बसवणार कोण, माझी माणसं फुकटची कामं करत नाहीत.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि त्याला घाटकोपरच्या एका टॉवरचं काम मिळालं.

आजवरचं त्याचं सगळ्यात मोठं काम. मशिनं आधी स्वतःच्या पैशाने उचलायची आणि बिल्डरने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे, असा या धंद्यातला रिवाज. मशिनांसाठी परबने राहतं घर बँकेत गहाण ठेवलं. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे वहिनींची सही लागली नाही, आणि सही लागली नाही म्हणून त्याने त्यांना सांगितलंही नाही. मला सांगितलं, तेही जिन्यात आणि हसत हसत.

काम झालं. लोक राहायला आले, एसी लागले, आणि परबचं शेवटचं मोठं बिल अडकलं. त्या बिल्डरला सगळे शेठ म्हणत. शेठचं म्हणणं, तुमच्या एसीचं पाणी गळून फ्लॅटची पीओपीची छतं खराब झाली, तो खर्च तुमचा. परबचं म्हणणं, छतवाल्यानेच माझ्या पाइपात स्क्रू घुसवला, त्याला पकडा. मला पाइपातलं काही कळत नाही. बँकेचे हप्ते थकलेत, एवढं मात्र कळत होतं.

मग फोन सुरू झाले. तांब्याच्या पाइपवाला, मशिनांच्या कंपनीचा माणूस, बँक. जेवायच्या वेळी फोन वाजला की परब हात न धुता जिन्यात यायचा आणि हसायला लागायचा. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. "हो साहेब, ह्या आठवड्यात नक्की, हॅ हॅ हॅ." वहिनी माझ्या बायकोला कौतुकाने म्हणाल्या, हल्ली ह्यांना मित्र फार झालेत. बायकोने ते मला सांगितलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी शेठने त्याला ऑफिसात बोलावलं. परब सकाळीच माझ्या दारात हजर.

"साळवी, तू फक्त बस रे बाजूला. बोलायचं काय नाय. माझ्याकडे एक माणूस दिसला पाहिजे."

रिक्षात त्याने पूर्ण भाषण म्हणून दाखवलं. कामाचे टप्पे, मोजमापं, स्क्रू कोणाचा, सगळं मुद्देसूद. रिक्षावाल्यानेही मागे वळून मान डोलावली. ऑफिस टॉवरच्या खालच्याच मजल्यावर होतं आणि आत कडाक्याची थंडी, परबच्याच मशीनची. शेठ अगदी गोड बोलले. चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मग आवाज जराही न चढवता म्हणाले, निम्मे घ्या आणि हिशेब संपला असं लिहून द्या. नाहीतर कोर्ट आहेच. केस इतकी वर्षं चालेल की निकाल माझी मुलं बघतील, तुमचं मात्र मला माहीत नाही.

आणि परब हसला.

बशीत चहा सांडेपर्यंत हसला. शेठ आधी चमकले, मग तेही हसायला लागले. उठून त्यांनी परबचा हात हातात घेतला, पाठ थोपटली. मी टेबलाखालून परबला लाथ मारली, पण हसणं सुरू झालं की ते त्याच्या हातात राहत नाही. आम्ही बाहेर पडेपर्यंत बाहेरच्या खोलीतल्या अकाउंटंटला कळलं होतं, संध्याकाळपर्यंत सगळ्या धंद्यात पसरलं. परब हसत हसत तयार झाले. ज्याला त्याला शेठ तेच सांगत होते, आणि खोटं कसं म्हणणार, मी स्वतः साक्षीला बसलो होतो.

परबने अजून काही लिहून दिलं नव्हतं, कारण निम्म्यात घर सुटत नव्हतं. हे परबलाही कळत होतं आणि मलाही.

त्यानंतर आमच्या गेटसमोर मोटरसायकलवर दोन माणसं येऊन बसायला लागली. वॉचमनला त्यांनी परबचा मजला विचारला. ती शेठची होती की बँकेची, हे आजवर कळलेलं नाही. मीसुद्धा बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघायला लागलो. तुझं काय जातंय त्यात, असं बायको म्हणायची. खरं होतं, माझं काहीच जात नव्हतं. पण समोरच्या घरात ताप आला की आपण आपलंही कपाळ चाचपून बघतो, तसं झालं होतं. अशातच बँकेच्या माणसाचा फोन आला. मंगळवारी सकाळी तो घर बघायला येणार होता, कर्ज वसूल करायच्या तयारीने.

तेव्हा शकील बोलला. शकील हा परबचा जुना मिस्त्री, बोलतो कमी. तो म्हणाला, "साब, हँडओवर किधर हुआ है? कोड अपने पास है. एक एक मशीन लॉक करते. मई का महिना है, शाम तक सेठ खुद फोन करेगा." पैसे बुडवणाऱ्याची मशिनं बंद पाडायची, हा या धंद्यातला शेवटचा उपाय. त्याला दोघंच हात घालतात, एक ज्याच्या पाठीशी कोणी आहे तो आणि दुसरा ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही तो. परब रविवारभर बाथरूममध्ये नळ सोडून हसत होता. सोमवारी दुपारी म्हणाला, चल.

टॉवरच्या गच्चीवर बाहेरची मशिनं ओळीने घरघरत होती, प्रत्येकावर फ्लॅटचा नंबर. ऊन असं की चपलेतून चटका बसावा. शकीलने गच्चीचं दार आतून लावलं, पहिल्या मशीनसमोर उकिडवा बसला आणि कोड घालायला त्याने हात पुढे केला.

"हे नको," परब म्हणाला. "इथे बाळंतीण आहे. आवाजाची तक्रार होती, मी स्वतः आलो होतो."

शकील पुढच्या मशीनकडे सरकला. तिथे एक आजोबा होते, नाकाला नळी लावलेले. ते राहू दे. त्याच्या पुढच्या घरात परीक्षेला बसलेली मुलगी होती. त्याच्या पुढच्या घरात केसाळ कुत्रा होता, आणि परबचं म्हणणं पडलं की तो बिचारा अंगातला कोट काढणार कसा? पुढच्या नंबरवर नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. शकीलने कपाळाला हात लावला. मी परबवर भयंकर चिडलो. एवढीच दया आहे तर वर तडफडायला आणलंस कशाला, असंही म्हणालो. त्याने एकेका मशीनपुढे उभं राहून सगळा टॉवर माफ केला. उरली फक्त दोन, एक शेठच्या ऑफिसचं आणि दुसरं गिऱ्हाइकांना दाखवायच्या सँपल फ्लॅटचं. शकीलने ती दोन लॉक केली.

आम्ही निघणार तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शकीलने दार उघडलं. साइट सांभाळणारा शेठचा भाचा आत आला, मागे तिघं धिप्पाड. शेवटच्याने आत येऊन दाराला पुन्हा कडी घातली. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

भाचा तरुण होता आणि मामासारखाच गोड बोलणारा. परबच्या अगदी जवळ येऊन तो म्हणाला, "काका, वर वारा फार असतो. कठड्याजवळ उभे राहू नका. मागे आमचा एक पेंटर गेला."

कठडा आमच्या पाठीशीच होता. इतकी वर्षं लोकांना मी ज्याची भीती घालत आलो, ते माझ्यासमोर उभं होतं आणि माझ्या डोक्यात एकच विचार आला, माझ्या स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता भरलाय की नाही. शकील तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

परबने भाच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. साप, सुई, शेठ, सगळं त्यापुढे काहीच नव्हतं. तो मशीनवर बसला, मांडीवर थापा मारल्या, डोळे पुसले, श्वास घेतला आणि पुन्हा हसला. ते तिघे एकमेकांकडे बघायला लागले. भाचा आधी गोंधळला, मग एक पाऊल मागे सरकला.

"काका, तुमच्या मागे कोण आहे?" त्याने विचारलं.

परबला उत्तर देता येईना, कारण त्याला श्वासच घेता येत नव्हता. भाच्याने फोन लावला. मला स्पष्ट ऐकू आलं, तो म्हणत होता, मामा, हा घाबरत नाहीये, हसतोय, काहीतरी गडबड आहे. खाली सँपल फ्लॅटमध्ये एक मोठं कुटुंब तीन खोल्या बघायला आलं होतं आणि घामाने निथळत, एसी कुठल्या कंपनीचा आहे, असं विचारत होतं. शेठने आम्हाला खाली बोलावलं.

छतांचे पैसे कापून बाकीच्या रकमेचा चेक मिळाला, बुधवारच्या तारखेचा. तो वटला आणि घर सुटलं, हे आत्ताच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणं मला जमत नाही. पण त्या सोमवारी चेक वटेल याची खात्री ना मला होती ना परबला, आणि बँकेचा माणूस मंगळवारीच येणार होता. म्हणजे वहिनींना त्याच संध्याकाळी सांगणं भाग होतं. रिक्षात परब चेक पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. मुलुंड चेकनाका आला तेव्हा म्हणाला, साळवी, तू सांग. मी नाही म्हणालो, पण सोबत गेलो.

वहिनी ओट्यापाशी कोळंबी सोलत होत्या. परब दारातच उभा राहिला आणि त्याने एका दमात सगळं सांगितलं. घर गहाण आहे, हप्ते थकलेत, जिन्यातले फोन मित्रांचे नव्हते, आज गच्चीवर काय झालं, उद्या सकाळी माणूस येणार आहे. वहिनींनी कोळंबी बाजूला ठेवली. अशा बातम्या ऐकणाऱ्या बायका मी धंद्यात पुष्कळ पाहिल्यात. पहिला प्रश्न रकमेचा असतो, दुसरा सह्यांचा. त्याची तयारी करून मी उभा होतो.

"इतके दिवस एकटेच घाबरत होतात?" त्या म्हणाल्या. "माका सांगूचा नाय? दोघं मिळून घाबरलो असतो."

परब तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. वहिनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. आता त्याही घाबरल्या होत्या, ओल्या हातांनीच त्यांनी त्याचा हात धरला. मी दार हळूच ओढून घेतलं.