तुळजाबाईंनी महाराजांची दुर्बीण उतरविली त्याची हकीकत

श्रीगणरायास व कुलस्वामिनीस वंदून, घडले तैसे लिहितो. शके सतराशे सत्तावीस, क्रोधन संवत्सरी राज्यात कडक उन्हाळा पडिला आणि सीमेवरील झऱ्याचे पाण्यावरून शेजारील संस्थानाशी कलह जाहाला. मग उभय राजांनी ठरविले की रक्त सांडू नये. दोहींकडील एकेक नेमबाजाने टांगिली सुपारी हवेच्या बंदुकीने फोडावी, फोडील त्याचे पाणी. आपलेकडून किल्लेदाराची कन्या तुळजाबाई नेमिली, आणि महाराजांनी कौतुकाने आपली विलायती दुर्बीण तिचे बंदुकीवर चांगली उंच बसवून दिधली, की लांबून शोभा दिसावी. बाईंनी सराव आरंभिला, तो गोळी चुकली आणि पुन्हा चुकली. लष्करात कुजबुज जाहाली आणि बाईंस रात्रंदिवस चैन पडेना. मग त्यांनी डोळे मिटोन गाल बंदुकीचे लाकडी दस्त्यावर टेकिला आणि डोळे उघडिले, तो दुर्बिणीत अंधार! मान उचलावी तेव्हा सुपारी दिसे, तीही कडेस ग्रहण लागल्यासारिखी, आणि अधांतरी मान स्थिर राहीना. वर्म कळताच बाई तडक दरबारी महाराजांपाशी गेल्या.

"महाराज, दुर्बीण फार उंच बसली. उतरवावी लागेल."

"आम्ही स्वहस्ते बसविली ती! उतरविता शोभा काय राहील?"

"शोभा राखू जाता पाणी जाईल, महाराज."

महाराज खळखळोन हसले आणि त्यांनी स्वतः खाली बसोन पेच सैल केले. ऐसा धनी विरळा. दुर्बीण नळीस जेमतेम न लागे इतकी उतरविली, तरी डोळा किंचित खाली पडे, म्हणोन बाईंनी शेल्याची घडी दस्त्यावर बांधिली आणि गाल उचलोन घेतला. आता डोळे उघडिता चित्र पूर्ण वाटोळे दिसो लागले. मग नेम नव्याने जुळविला.

नेमिले दिवशी शेजारियांचा राघोजी नाईक, मोठा नामांकित नेमबाज, याने प्रथम बार केला. दोरी हालली, सुपारी राहिली. मग बाईंनी डोळे मिटोन गाल टेकिला, डोळे उघडिले, श्वास धरिला आणि चाप ओढिला, तो सुपारीची दोन शकले जाहाली! नाईक पुढे आला, मुजरा करोन म्हणाला, "बाई, बार करण्याआधी डोळे मिटलेत. देवाचे नाव घेतलेत काय?"

"नाही नाईक. गाल आपोआप कोठे बसतो, ते पाहिले."

येणेप्रमाणे पाणी राज्याचे जाहाले, रक्ताचा थेंब न सांडता. आणि महाराजांनी शेजारियांचे गुरांसही झरा मोकळा केला.