मास्तरांचा दिवस आणि सरांचा कोट

"वीस वर्षांत एक कपडा उशिरा दिला असेल, तर कात्री खाली ठेवीन!" असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मास्तर म्हणजे गल्लीतले शिंपी. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान. मास्तर मापं घेणार, मेहुणा कापणार आणि बायको काज-बटणं करता करता भुणभुण करणार. "अहो, तो शर्ट उद्या द्यायचाय!" "अहो, त्या बाई येतील हं!" या भुणभुणीतच आपला अर्धा दिवस जातो, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

म्हणून सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून माझा वेळ मी सांभाळणार! तीन ध्येयं ठरवलीत. एक, दिवस मिनिटांत बांधायचा. दोन, कामाच्या वेळेत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तीन, मला कुणी आठवण करून द्यायची नाही."

"बरं," बायको म्हणाली. एवढ्या थोडक्यात ती लग्नापासून कधी बोलली नव्हती. मास्तरांनी तिथंच सावध व्हायला हवं होतं!

आता या दुकानाची एक रीत होती. मापाच्या चिठ्ठीवर शब्द नाहीत, नुसते आकडे, एकाखाली एक. लांबी, खांदा, बाही, छाती, कंबर. मास्तरांनी आपला दिवसही तशाच चिठ्ठीवर उतरवला. फिरणं ४५, व्यायाम २०, चहा-पेपर ३०, अवघड काम ५०, जेवण आणि वामकुक्षी ६०. शब्द मनात, आकडे कागदावर. मग घड्याळ लावून त्यांनी भराभर कापडांना चिठ्ठ्या टाचल्या, आपली चिठ्ठी आरशावर चिकटवली आणि हात झटकले. एरवी अर्धा तास लागायचा, आज अकरा मिनिटं!

मंगळवारी सकाळी आरशावर पाहतात तर फिरणं एकोणतीस. बिचारे अर्ध्या वाटेतून धावत परतले. व्यायाम सतरा. चहा-पेपर चोवीस. दुपारी तर कहरच झाला. जेवण आणि वामकुक्षी मिळून बत्तीस! "काल मी स्वतःशी फारच कडक वागलो," असं म्हणत ते शेवटचा घास तोंडात ठेवूनच आडवे झाले आणि त्यांना जोरदार ठसका लागला.

संध्याकाळी मेहुण्यानं कापलेला कोट टेबलावर पसरला आणि टेबल दिसेनासं झालं.

"हे काय आहे?"

मेहुण्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं. कामाची वेळ संपायला पाच मिनिटं होती.

"अरे, बोल की आता!"

"सरांचा कोट, दाजी. लांबी पंचेचाळीस, कंबर साठ. सकाळीच विचारणार होतो, पण तुमचं दोन नंबरचं ध्येय आडवं आलं. म्हटलं, रिटायर होताना माणूस सुटत असेल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. सर तर अंगानं हडकुळे! अख्ख्या वर्गानं 'ढ' म्हणून सोडलेल्या मास्तरांना शिकवणारे ते मुख्याध्यापक. दुकान उघडलं तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईकही तेच. त्या पहिल्या पँटचा एक पाय आखूड झाला होता, तरी सर ती वर्षभर शाळेत घालून गेले आणि विचारणाऱ्याला दुकानाचा पत्ता सांगत राहिले. त्यांच्या निरोप समारंभाचा कोट हा! आणि कापडाची चिंधीसुद्धा उरली नव्हती.

"समारंभ उद्या आहे," मास्तर म्हणाले. "मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"बोलू का?" बायकोनं विचारलं.

"अगं बोल, बाई! लागेल तेवढं बोल!"

"लहान कापलं असतं तर हात टेकले असते. मोठ्याचं लहान होतं. बरं झालं, तुमची ध्येयं मोठी होती! आणि समारंभ शुक्रवारी आहे. तुम्हाला मी नेहमीच दोन दिवस अलीकडची तारीख सांगते."

"नेहमी?"

"वीस वर्षं."

 रागवायचं मास्तरांच्या मनातसुद्धा आलं नाही. ही होती म्हणून आपली कात्री हातात राहिली, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

आरशावरची चिठ्ठी मेहुण्यासमोर आली. भराभर टाचताना मास्तरांचा दिवस कोटाला लागला होता आणि कोटाचं माप आरशावर. लांबी एकोणतीस, कंबर बत्तीस. बुधवार-गुरुवार तिघांनी मिळून उसवलं, कापलं, शिवलं, आणि तिघंही अखंड बोलत होते.

शुक्रवारी सकाळी सर आले. कोट अंगावर बेतल्यासारखा बसला. सर आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी बाहीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सुरेख शिवलास रे."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, निघा आता, समारंभाला उशीर होईल."

"समारंभ सोमवारी आहे," सर हसले. "तुझा गृहपाठ मी चार वर्षं तपासलाय. तारीख जरा अलीकडचीच सांगून ठेवली होती."

बायको तोंडाला पदर लावून हसू लागली. मास्तरांनी दोघांनाही हात जोडले.

तेवढ्यात नवं गिऱ्हाईक आत आलं. "मास्तर, वेळेवर मिळेल ना?"

"वीस वर्षांत एक कपडा..." मास्तरांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं.

"हिला विचारा," ते म्हणाले.