बिनदोऱ्यांचं रताळं

मोरूभाऊंनी माझं नाव विचारायच्या आधी गोत्र विचारलं. काशीत रामघाटावर यात नवल नाही, तिथली निम्मी मराठी घरं भिक्षुकांची. मी म्हटलं, "भारद्वाज."

"म्हणजे भारद्वाजाची मुलगी तुला चालणार नाही. रताळ्याचंही तसंच. स्वतःचा पराग तर त्याला चालत नाहीच, पण त्याच्या गटातल्या दुसऱ्या वेलाचाही चालत नाही. तुमच्यापेक्षा कडक आहे ते."

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी शहराबाहेरच्या एका शेतकी संशोधन केंद्रात टायपिस्ट म्हणून लागलो होतो. मोरूभाऊ तिथे रताळ्याच्या नव्या जाती तयार करायचे. पन्नाशीचे, सडेफटिंग, राहायला माझ्या समोरच्याच घरात. गल्लीतले दूधवाले, पानवाले त्यांना रताळ्याच्या हिंदी नावावरून 'शकरकंद बाबू' म्हणत. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

थंडीत वेलांना फुलं यायची. उद्या उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं मोरूभाऊ आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही. पहाटे सायकल मारत जायचं, दोरे सोडायचे, एकाचा पराग दुसऱ्याला लावायचा. दहापर्यंत फूल मिटून जाई.

"आपले साहेब दहाला येतात," ते मला म्हणाले, "फूल दहाला मिटतं. आता सांग, रताळं सुधारणार कसं?"

एवढं करून धरलेल्या बिया एकमेकींसारख्या नसतच. माणसात गुणसूत्रांचे दोन संच, रताळ्यात सहा. मोरूभाऊंच्या भाषेत, सहा घरांची भांडणं एका चुलीवर. शेकडो रोपं लावायची, एखादं ठेवायचं, बाकीची उपटून टाकायची. त्या सवयीने ते माणसंही पारखत. साहेबांबद्दल म्हणाले, "आकार चांगला. आत दोरेच दोरे." माझ्याबद्दल म्हणाले, "साल बरी आहे. आत फिका." मी हसलो. ते हसले नाहीत.

बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर त्यांच्या हाती एक वेल लागला. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर. रताळी बोटभर जाडीची, पण उकडून मोडली तर आत शिरेचा एक दोरा सापडायचा नाही. लोण्यासारखी विरघळायची. एकदा असा वेल मिळाला की भांडण संपतं, त्याचे तुकडे लावत जायचं, तेच रताळं येत राहतं.

नव्या जाती तपासणारी समिती आली. तिने वजनं पाहिली, चहा घेतला आणि गेली. चार दिवसांनी साहेबांनी मला पत्र सांगितलं: उत्पन्न अपुरं, शिफारस नाही, प्रयोग बंद करावा. मी ते तीन कार्बन लावून टाइप केलं आणि मीच मोरूभाऊंना नेऊन दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

"स्पेलिंग चुकलंय," म्हणाले आणि कागद परत दिला.

मी चूक दुरुस्त करून पत्र पुन्हा टाइप केलं. त्याहून जास्त काही केलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांच्या प्रयोगाच्या जमिनीवर ट्रॅक्टर फिरला. तिथे पाहुण्यांच्या मोटारी लावायची सोय झाली. मोरूभाऊंनी वेलाचे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलवरून घरी आणले आणि गच्चीवर फुटक्या बादल्यांत लावले. पहिलंच पीक माकडांनी उकरून खाल्लं. मी हळहळलो तर म्हणाले, "समितीतल्या एकानेही चाखून पाहिलं नव्हतं. यांनी पाहिलं."

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "भाऊ, थोडं उत्पन्नाकडे पाहिलं असतं तर?" ते उकरलेली माती बादलीत परत भरू लागले.

चारेक महिन्यांनी बादल्यांत पुन्हा पीक आलं आणि एका एकादशीला सकाळी त्यांनी मला हाक मारली. "डबा धर. पायऱ्या निसरड्या आहेत."

आम्ही संकठा घाटावर गेलो. तिथे एका खोलीत ठकूमावशी राहायच्या. काशीवास करायला आलेल्या, मागे कुणी नाही. अर्धांगवायूने तोंड वाकडं झालेलं. मोरूभाऊंनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पदर नीट केला, डब्यातलं रताळं सोललं आणि चिमूटभर भरवलं. मग ते मावशींच्या गळ्याकडे बघत राहिले. घास उतरला तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"माझ्या आईचंही असंच झालं होतं," ते माझ्याकडे न बघता बोलू लागले. "तोंड वाकडं, पण एकादशी सोडेना. बाजारचं रताळं होतं. मीच उकडून ताटलीत ठेवून कामावर गेलो. दोरा घशात अडकला तिच्या. त्यानंतर मी उत्पन्नाकडे पाहिलं नाही."

मी डबा हातात धरून उभा होतो. ते पत्र मी दोनदा टाइप केलं होतं.

"कोण रे तू?" मावशींनी बोबड्या आवाजात विचारलं.

"दर एकादशीला विचारते," मोरूभाऊ मला म्हणाले. मग मावशींच्या कानाशी वाकून म्हणाले, "राधाबाईंचा मोरू."

मावशींना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मोरूभाऊंनी पुढचा तुकडा घेतला, दोन बोटांत चुरला, त्यात नसलेला दोरा शोधला, आणि मग तो त्यांच्या ओठांशी नेला.